यकृताचा कर्करोग : लवकर कुणाला कळतो?

२०१३ सालच्या १४ एप्रिलला आमच्या महाविद्यालयात रक्तदान शिबिर होते. मी तेव्हा तासिका तत्त्वावर इतिहास शिकवत होतो. मुलांनी रक्त द्यावे म्हणून मी जोरदार भाषण केले आणि भाषण संपताच सर्वांत आधी मीच खाटेवर आडवा झालो. तीनेक आठवड्यांनी रक्तपेढीतून फोन आला. "सर, तुमच्या रक्तात थोडा दोष आढळला आहे. यापुढे रक्तदान करू नका. एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या." माझ्या छातीत धस्स झाले. मी विचारले, "एचआयव्ही तर नाही ना?" पलीकडची बाई म्हणाली, "नाही नाही, ते नाही." मी सुटकेचा श्वास टाकला, फोन ठेवला आणि ती गोष्ट नऊ वर्षे विसरून गेलो. दोष कोणता, हे मी विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून माझा सत्कार झालेला होता. तरीही एवढा एक प्रश्न विचारण्याचे मला सुचले नाही.

२०२२ साली माझा थोरला भाऊ आजारी पडला. सहावीतून शाळा सोडून दादाने आधी वीटभट्टीवर आणि पुढे मोंढ्यात हमाली केली. त्या हमालीवर माझे शिक्षण झाले. उजव्या बरगडीखाली दडपण वाटते असे तो म्हणू लागला, तेव्हा पोत्यांचा भार लागला असेल असे आम्ही धरून चाललो. मग भूक गेली, वजन उतरले, पोट फुगले. ज्या सरकारी रुग्णालयात आम्ही त्याला नेले तिथल्या तरुण डॉक्टरने पोटावर हात ठेवला, पत्ता वाचला, व्यवसाय वाचला आणि केसपेपरवर 'दारूचे व्यसन' असे लिहिले. त्याने विचारले काहीच नाही. दादाने पंचशीलातले पाचवे शील शब्दशः पाळले होते. वस्तीतल्या लग्नाच्या वरातीत तो बाटलीवाल्यांच्या बाजूलाही उभा राहत नसे. पण एकदा कागदावर शब्द चढला की पुढचा प्रत्येक जण तो कागदच वाचतो. दोन महिने त्याला 'दारू सोड' हाच उपचार मिळाला. शेवटी सोनोग्राफी झाली. यकृतात अकरा सेंटिमीटरची गाठ होती आणि ती मोठ्या शिरेत शिरली होती. अल्फा-फीटोप्रोटीन नावाच्या रक्तचाचणीचा आकडा चाळीस हजारांच्या पुढे होता. त्याच कागदावर खाली बारीक अक्षरांत लिहिले होते : एच.बी.एस.ए.जी. पॉझिटिव्ह. त्यानंतर अकरा आठवड्यांत दादा गेला. त्याचे वय होते चव्वेचाळीस.

जलदानविधी झाल्यावर कागदपत्रे आवरताना ती बारीक ओळ माझ्या नजरेस पडली आणि मला तो फोन आठवला. मी माझे रक्त तपासले : पॉझिटिव्ह. मायचे तपासले : पॉझिटिव्ह. म्हणजे २०१३ साली रक्तपेढीला जे कळले होते त्याचा अर्थ मला कुणी सांगितला असता, किंवा मी तो मागून घेतला असता, तर घरातल्या सगळ्यांचे रक्त तेव्हाच तपासले गेले असते आणि दादाच्या यकृतावर नऊ वर्षे कुणाची तरी नजर राहिली असती. तो वाचलाच असता असे मी म्हणत नाही. पण गाठ अकरा सेंटिमीटर होईपर्यंत ती कुणाला दिसली नाही, असे झाले नसते.

हे नियतकालिक वैद्यकाचे नाही आणि मी डॉक्टर नाही. तरीही हा लेख इथेच लिहावा असे मला वाटले, कारण या रोगाचे निदान लवकर होणे हा नुसता यंत्रांचा प्रश्न नाही. यंत्रापुढे कुणाला आणले जाते, हा त्याच्या आधीचा प्रश्न आहे. गेल्या तीन वर्षांत जे वाचले, डॉक्टरांना खोदून खोदून विचारले आणि स्वतःच्या देहावर अनुभवले, ते मी वाचकांपुढे ठेवत आहे.

यकृत, म्हणजे बोलीतले लिव्हर, उजव्या बरगड्यांच्या आड असते. प्रौढ माणसात त्याचे वजन सव्वा ते दीड किलो भरते. त्याच्या आतल्या मांसाला वेदना कळत नाही. वेदनेचे तंतू आहेत ते वरच्या पातळ आवरणाला. म्हणून आत वाढणारी गाठ त्या आवरणाला ताणेपर्यंत माणसाला काही जाणवत नाही. शिवाय यकृताची शिल्लक ताकद मोठी. बराच भाग निकामी झाला तरी उरलेला भाग काम ओढून नेतो. दुखले की दवाखान्यात जायचे, ही आपल्या वस्त्यांतली रीत, आणि रोजंदारीवर जगणाऱ्याला दुसरी रीत परवडतही नाही. या रोगात ती रीत हमखास फसवते.

जगभरात २०२२ साली यकृताच्या कर्करोगाचे सुमारे ८ लाख ६६ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ७ लाख ५८ हजार माणसे त्याने मेली. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. ते इतके जवळ आहेत, याचा अर्थ बहुतेकांना रोग कळतो तो उशिरा. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत फुप्फुस आणि मोठे आतडे यांच्या खालोखाल यकृताचा क्रम लागतो.

पण हा कर्करोग कुणालाही, कुठेही, अचानक होतो असे नाही. तो बहुधा आधीच जखमी असलेल्या यकृतात उगवतो. जखमेची कारणे ठरावीक आहेत : हिपॅटायटिस बी आणि सी हे दोन विषाणू, दारू, मधुमेह व स्थूलपणासोबत यकृतात साठणारी चरबी, आणि ओलसर जागी साठवलेल्या शेंगदाण्यांवर, मक्यावर धरणाऱ्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष. वर्षानुवर्षे जखम होत राहिली की यकृतात वण पडत जातात, ते कडक आणि गाठाळ होते. याला सिऱ्होसिस म्हणतात. कर्करोग बहुतेक वेळा या अवस्थेनंतर येतो. बी विषाणू मात्र त्याआधीही घात करू शकतो, कारण तो आपल्या पेशींच्या मूळ जनुकद्रव्यातच स्वतःचा तुकडा घुसवतो.

या बी विषाणूची ओळख पटली त्याची कथा सांगण्यासारखी आहे. बारूक ब्लुमबर्ग नावाचा अमेरिकन शास्त्रज्ञ देशोदेशींच्या माणसांच्या रक्ताचे नमुने जमवत होता. अनेकदा रक्त चढवलेल्या एका रुग्णाचे रक्त एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्ताबरोबर वेगळी प्रतिक्रिया देते, असे त्याला आढळले. १९६५ साली त्याने ते जाहीर केले. आदिवासीच्या रक्तातल्या त्या द्रव्याला 'ऑस्ट्रेलिया प्रतिजन' असे नाव पडले. पुढे ते या विषाणूच्या आवरणाचाच भाग निघाले. आज आपण एच.बी.एस.ए.जी. म्हणून जे तपासतो ते हेच. ब्लुमबर्गला १९७६ साली नोबेल मिळाले आणि त्याच्या जन्मदिवशी, २८ जुलैला, जागतिक हिपॅटायटिस दिन पाळला जातो. प्रतिजनाला देशाचे नाव मिळाले, ज्याचे रक्त होते त्या माणसाचे मिळाले नाही. असो.

या विषाणूचा कर्करोगाशी संबंध किती घट्ट आहे हे तैवानने दाखवले. पामर बीझ्ली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिथल्या २२,७०७ पुरुषांवर, मुख्यतः सरकारी नोकरांवर, लक्ष ठेवले. नोकर सरकारी असल्यामुळे कोण कशाने मेले याची नोंद होत होती. १९८१ साली निष्कर्ष छापून आले. यकृताच्या कर्करोगाने मेलेल्या ४१ जणांपैकी ४० जण या विषाणूचे वाहक होते. वाहक नसलेल्यांच्या तुलनेत वाहकांना धोका २२३ पट निघाला. तैवानने १९८४ पासून नवजात बालकांना लस द्यायला सुरुवात केली आणि पुढे तिथल्या मुलांमधला यकृताचा कर्करोग ठळकपणे कमी झाला.

आपल्या देशाचे चित्र असे : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख माणसांच्या शरीरात बी विषाणू होता आणि सुमारे ५५ लाखांच्या शरीरात सी. यांतल्या बहुसंख्यांना ते ठाऊक नाही. मीही नऊ वर्षे त्यांच्यातच होतो, आणि माझ्याकडे तर फोन आलेला होता.

हा विषाणू येतो कुठून? बाळंतपणात आईकडून बाळाला, दूषित सुईतून, रक्तातून, शरीरसंबंधातून, एकाच वस्तऱ्याने अनेकांची दाढी करण्यातून. मोठ्या माणसाला संसर्ग झाला तर शंभरातल्या पंचाण्णवांचे शरीर त्याला हुसकावून लावते. नवजात बाळाला झाला तर शंभरातल्या नव्वदांत तो कायमचा मुक्काम करतो. आम्हा भावांचा जन्म घरी, सुईणीच्या हातून झाला. तेव्हा ही लस सरकारी लसीकरणात नव्हती. आज ती आहे. जन्मानंतर चोवीस तासांच्या आत पहिली मात्रा द्यायची असते आणि पुढच्या मात्रा पंचगुणी लसीतून सहा, दहा व चौदा आठवड्यांनी. पहिले चोवीस तास हुकले तर आईकडून येणारा विषाणू अडवण्याची मोठी संधी हुकते. वस्तीत बाळंतपण झाले की कार्यकर्त्याने पेढे खाण्याआधी 'चोवीस तासांतली टोचली का?' एवढे विचारावे.

सुईबद्दलही बोलले पाहिजे. खेड्यात कंपाउंडर डॉक्टर होऊन बसतो आणि सुई टोचल्याशिवाय पेशंटचेही समाधान होत नाही. २००९ साली गुजरातेत मोडासा इथे वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्यामुळे बी विषाणूची साथ पसरली आणि कितीतरी माणसे मेली. रुग्णालयाचा कचरा हाताने उचलणारे सफाई कामगार, उकिरड्यावर प्लास्टिक वेचणाऱ्या बाया, शवागारात राबणारी माणसे यांना वापरलेल्या सुया रोज टोचतात. ही कामे पिढ्यानपिढ्या कुणाच्या वाट्याला आली हे या नियतकालिकाच्या वाचकाला मी सांगायला नको. या कामगारांना लस देणे ही मालकाची जबाबदारी आहे, मग तो मालक नगरपालिका असो की ठेकेदार. युनियनच्या मागण्यांच्या यादीत हातमोजे आणि गमबूट असतात, तिथे ही लसही असली पाहिजे.

आणि एक गोष्ट ठासून सांगतो. एका ताटात जेवल्याने, एका माठातले पाणी प्यायल्याने, गळाभेट घेतल्याने, शेजारी बसल्याने हा रोग लागत नाही. माझा निकाल कळल्यावर माझ्याच एका सुशिक्षित सहकाऱ्याने स्टाफरूममधला माझा कप वेगळा ठेवायला शिपायाला सांगितले. माझ्या आज्याला गावच्या हॉटेलात वेगळी कपबशी मिळत होती, ती मायच्या तोंडून ऐकलेली. आता तीच कपबशी विज्ञानाचे नाव घेऊन परत आली. अशा अज्ञानाच्या भीतीने लोक तपासणी टाळतात आणि निकाल लपवतात, म्हणून याचाही लवकर निदानाशी थेट संबंध आहे.

मांत्रिकाचेही बळ कुठून येते ते समजून घेतले पाहिजे. कावीळ झाली की गळ्यात मुळ्यांची माळ बांधतात. ती रोज लांबत जाते आणि कावीळ 'उतरत' जाते. चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळे होते. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेक वेळा आपोआपच बरी होते, आणि श्रेय माळेला जाते. बी विषाणूची लहानपणापासूनची लागण तर पुष्कळदा पिवळेपणा दाखवतच नाही. माळ बांधावी असे काही दिसतच नाही, आणि आत वीस-तीस वर्षे काम चालू राहते.

आता तपासण्यांकडे येऊ. पहिली पायरी आयुष्यात एकदा एच.बी.एस.ए.जी. आणि सी विषाणूची चाचणी करून घेणे. थेंबभर रक्त पुरते. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात या चाचण्या आणि औषधे सरकारी केंद्रांत मोफत आहेत. सी निघाला तर साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी तो बहुतेकांत समूळ जातो. बी निघाला तर घाबरण्याचे कारण नाही. बहुतेक वाहकांना कर्करोग होत नाही. पण रक्तात विषाणू किती आहे, एस.जी.पी.टी. किती आहे, यकृत किती कडक झाले आहे, हे पाहून औषध लागते की नुसती नजर ठेवायची हे डॉक्टर ठरवतात. रोजची एक गोळी विषाणूला दाबून ठेवते आणि कर्करोगाचा धोका कमी करते. शून्य मात्र करत नाही.

ज्यांनी नियमित तपासणीत राहायचे ती माणसे अशी : कोणत्याही कारणाने सिऱ्होसिस झालेले सर्व; बी विषाणूचे वाहक असलेले आपल्याकडचे चाळिशीपुढचे पुरुष आणि पन्नाशीपुढच्या स्त्रिया; आणि ज्या वाहकाच्या आईवडिलांना वा भावाबहिणींना हा कर्करोग झाला आहे तो, त्याचे वय काहीही असो. मी या शेवटच्या गटात मोडतो. सी विषाणू औषधाने गेला तरी सिऱ्होसिस झालेले असेल तर तपासणी सुटत नाही, हेही लक्षात ठेवावे.

तपासणी म्हणजे दर सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी आणि अल्फा-फीटोप्रोटीन, थोडक्यात एएफपी. एएफपी हे गर्भाच्या यकृतात तयार होणारे प्रथिन. जन्मानंतर ते झपाट्याने कमी होते आणि मोठ्या माणसाच्या रक्तात नाममात्र उरते. १९६३ साली मॉस्कोत गारी आबेलेव्हला यकृताची गाठ असलेल्या उंदरांत ते पुन्हा सापडले आणि पुढच्याच वर्षी तातारिनोव्हने ते माणसात दाखवले. कर्करोगाची पेशी जणू गर्भावस्थेतला विसरलेला धडा पुन्हा गिरवू लागते. आकडा वीसच्या वर गेला की पुढचा तपास करतात.

पण एकट्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. यकृताला सूज आली, बाई गरोदर असली तरी तो वाढतो. उलट कितीतरी लहान गाठी हे प्रथिन तयारच करत नाहीत. एका वेळच्या आकड्यापेक्षा दर खेपेचे आकडे ओळीने मांडून तो चढतो आहे का हे पाहणे जास्त उपयोगाचे. म्हणून जुने कागद फेकू नयेत. आमच्याकडे कागद पावसात भिजतात, घर बदलताना हरवतात. मी मायचे आणि माझे रिपोर्ट जातीच्या दाखल्याच्याच पिशवीत ठेवले आहेत, कारण ती पिशवी आमच्या घरात कधी हरवत नाही. पिव्का-दोन नावाचे आणखी एक प्रथिन आणि एएफपीचाच एल-३ हा प्रकार यांचीही चाचणी मोठ्या शहरांत होते. वय, लिंग आणि हे तीन आकडे मिळून गॅलड नावाचा गुणांक काढतात. रक्तात तरंगणाऱ्या गाठीच्या डीएनएवरून निदान करण्याचे प्रयोगही चालू आहेत. पण यांतल्या कशानेही सोनोग्राफीची जागा अजून घेतलेली नाही.

सोनोग्राफीत ध्वनिलहरी असतात, किरणोत्सर्ग नसतो, म्हणून ती कितीही वेळा करता येते. उपाशीपोटी जावे लागते. तिच्याही मर्यादा आहेत. चरबी असली, आतड्यात वायू असला, यंत्र चालवणारा घाईत असला तर लहान गाठ निसटते. सिऱ्होसिसच्या रुग्णांवरील अनेक अभ्यास एकत्र करून २०१८ साली हिशेब मांडला गेला. नुसत्या सोनोग्राफीने लवकरच्या अवस्थेतले शंभरातले ४५ कर्करोग सापडत होते, एएफपी जोडल्यावर ६३. म्हणजे दोन्ही करूनही तिसऱ्या हिश्श्याहून जास्त निसटतात. पुढच्या खेपेची तारीख पाळायची ती यासाठीच. सहाच महिने का, तर अशी गाठ दुप्पट व्हायला साधारण चार ते सहा महिने घेते. दर तीन महिन्यांनी तपासून फ्रान्समध्ये पाहिले गेले, त्यातून जास्त लाभ दिसला नाही.

गाठ एक सेंटिमीटरहून लहान दिसली तर तीन महिन्यांनी पुन्हा पाहतात. एक वा त्याहून मोठी असली तर सीटी स्कॅन किंवा एमआरआय, तोही औषध टोचून, तीन-चार टप्प्यांत. यामागची युक्ती मला फार आवडली. यकृताला रक्त दोन वाटांनी मिळते. सुमारे तीन हिस्से आतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या शिरेने, ज्यात अन्नरस असतो, आणि एक हिस्सा रोहिणीने. एखाद्या शेताला पाटाचे पाणी जास्त आणि विहिरीचे थोडे, तसे. कर्करोगाची गाठ मात्र आपले पाणी जवळजवळ सगळे विहिरीवरून ओढते. टोचलेले औषध आधी रोहिणीतून येते. त्या क्षणी गाठ उजळते आणि भोवतालचे यकृत अजून फिके असते. मिनिटभराने औषध मोठ्या शिरेतून येते, तेव्हा यकृत उजळते आणि गाठ विझलेली दिसते. आधी उजळणे आणि मग विझणे ही खूण धोक्याच्या गटातल्या माणसात स्पष्ट दिसली तर सुई घालून तुकडा काढण्याचीही बहुधा गरज राहत नाही.

माझ्या चौथ्या सोनोग्राफीत एक सेंटिमीटरहून थोडी मोठी गाठ दिसली. सीटीची तारीख नऊ दिवसांनी मिळाली. त्या नऊ दिवसांत मी वर्गात काय शिकवले ते मला आठवत नाही. मायला सांगितले नाही. सीटीत ती गाठ कडेकडून आत सावकाश भरत गेली आणि भरलेलीच राहिली, विझली नाही. म्हणजे तो रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी गुच्छ होता. नियमित तपासणीत असे खोटे इशारे येतात, पैसे जातात, झोप जाते. हे लपवून लोकांना तपासणीला बोलावणे बरोबर नाही.

मग इतके करून हाती काय लागते? गाठ लहान असताना सापडली तर तो भाग कापून काढता येतो. तीन सेंटिमीटरपर्यंतची गाठ सुईतून उष्णता देऊन जाळता येते. १९९६ साली इटलीतल्या मिलान इथल्या शल्यविशारदांनी दाखवले की एकच गाठ पाच सेंटिमीटरपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी प्रत्येकी तीन सेंटिमीटरच्या आत असतील, तर यकृत बदलून रुग्ण दीर्घकाळ जगू शकतात. दादाची गाठ या सगळ्या मापांच्या कितीतरी पलीकडे गेली होती. शांघायमध्ये १८,८१६ माणसांवर केलेला प्रयोग २००४ साली छापला गेला. निम्म्यांना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी व एएफपीसाठी बोलावले, निम्म्यांना नाही. बोलावलेल्यांपैकी साठ टक्क्यांहूनही कमी खेपा पाळल्या गेल्या, तरी त्या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी भरले. त्या प्रयोगाच्या पद्धतीवर आक्षेप आहेत आणि ते तज्ज्ञांनी मांडलेले आहेत. पण इतका मोठा प्रयोग दुसरा नाही.

मला त्याहून जवळचा वाटतो तो अलास्काचा अनुभव. अमेरिकेच्या त्या बर्फाळ टोकाला राहणाऱ्या मूलनिवासींत बी विषाणू फार होता. रस्ते नसलेली गावे आणि मैलोगणती अंतर. तिथे १९८२ ते १९९८ अशी सोळा वर्षे १,४८७ वाहकांवर दर सहा महिन्यांच्या एएफपीने लक्ष ठेवले गेले. ज्याचा आकडा चढला त्याची पुढची तपासणी. गाठी लहान असताना सापडू लागल्या, कापता येऊ लागल्या आणि माणसे पूर्वीपेक्षा जास्त जगली. त्यांच्याकडे सर्व वाहकांची एक यादी होती आणि त्या यादीतल्या माणसाला वर्षातून दोनदा आठवण करून देणारे कुणीतरी होते. आपल्याकडे सोनोग्राफीचे यंत्र आता तालुक्याला पोचले आहे. यादी मात्र नाही. रक्तपेढ्यांत दरवर्षी हजारो पॉझिटिव्ह निकाल निघतात आणि एका फोनवर संपतात.

दारूबद्दल गैरसमज नको. दारू यकृताला मारते, आणि बी किंवा सी विषाणू असलेल्या माणसाला दुपटीने मारते. हातभट्टीने आपल्या किती वस्त्या पोखरल्या हे आपण जाणतो. पिणाऱ्यालाही तपासणीचा तेवढाच हक्क आहे, त्याच्या यकृताला तर जास्तच गरज आहे. माझा आक्षेप आहे तो न विचारता मारलेल्या शिक्क्याला. 'हमाल आहे, अमुक वस्तीतला आहे, म्हणजे पीत असणार' हे निदान नव्हे. ती जात आहे. त्या शिक्क्याने डॉक्टरचे कुतूहल संपते आणि रुग्णाची जीभ बांधली जाते. यापुढे आपल्यापैकी कुणीही रुग्णासोबत गेला आणि कागदावर असा शब्द दिसला, तर डॉक्टरला नम्रपणे पण स्पष्ट विचारावे : विषाणूची चाचणी केली का?

मोठ्या शस्त्रक्रियेसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे आणि तिचा उपयोग करून घेतला पाहिजे. पण माणसाला काहीही दुखत नसताना, वर्षातून दोन दिवस, उपाशीपोटी, रांगेत उभे राहायचे, त्या दिवसांची मजुरी कुठली योजना भरून देत नाही. लवकर निदान बहुतेकदा इथे अडते.

दादाच्या दोन्ही मुलांची आणि वहिनीची तपासणी झाली. तिघेही निगेटिव्ह आहेत, तिघांनाही लस दिली. माय गोळी घेते. माझी सातवी सोनोग्राफी गेल्या महिन्यात झाली.

यंदाच्या १४ एप्रिलच्या शिबिरात आम्ही विद्यार्थ्यांनी आणि मी एक वेगळे टेबल मांडले होते. रक्तदात्याची संमती घेऊन नाव लिहायचे, रक्तपेढीतून फोन आलाच तर त्याने आमच्याकडे यायचे आणि आम्ही त्याच्यासोबत रुग्णालयात जायचे, एवढेच त्या टेबलाचे काम. दोघे आले. एक बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याच्या आईचे आणि बहिणीचे रक्त तपासायला दिले आहे. दुसरा नगरपालिकेच्या घंटागाडीवर ठेकेदाराकडे काम करतो, वय बेचाळीस. त्याची पहिली सोनोग्राफी येत्या मंगळवारी आहे. त्या दिवसाचा त्याचा रोज बुडेल. ठेकेदाराशी बोलायला आम्ही सोमवारी जाणार आहोत.